टिपणिसांची समाधानकारक कामगिरी

सरकारी पोर्टलवर लाल अक्षरांत जे येतं ते नेहमी दुसऱ्याच कुणासाठी असतं, अशी हेरंबराव टिपणिसांची बरीच जुनी समजूत होती. त्यामुळे त्या सोमवारी 'शैलजा भोजनालय' या नावापुढे लाल अक्षरांत 'अपात्र' असं दिसलं तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला, मग मोबाइल पुसला, आणि शेवटी कन्येला हाक मारून नेटला काहीतरी झालंय असं सांगितलं. नेत्राचा जन्म चंदीगडचा. ती मराठी सगळं समजायची आणि उत्तर मात्र हिंदीत द्यायची. तिने पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, नेट ठीक है. हम ही रिजेक्ट हुए हैं."

टेंडर होतं मोहालीतल्या एका सरकारी वसतिगृहाच्या मेसचं. चंदीगडच्या सेक्टर बावीसमध्ये, बस स्टँडच्या मागच्या बाजूला, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत शैलजाताई स्वयंपाक करायच्या आणि हेरंबराव त्याचं व्यवस्थापन करायचे. व्यवस्थापन म्हणजे डबे रवाना करणं, सिलिंडरवाल्याशी हुज्जत घालणं, आणि रोज सकाळी आमटी चाखून "ठीक आहे" म्हणणं. हे शेवटचं काम ते फार गांभीर्याने करत. पण आता घरमालक कुलवंतसिंगांना त्या दोन खोल्या मुलाच्या मोबाइलच्या दुकानासाठी हव्या होत्या. दिवाळीपर्यंत खाली करा, असं त्यांनी लस्सी पाजून इतक्या प्रेमाने सांगितलं की टिपणिसांना धड रागावताही आलं नाही. वसतिगृहाच्या मेसबरोबर मोठं, खेळत्या हवेचं स्वयंपाकघर मिळणार होतं. मेस मिळाली नाही तर दिवाळीनंतर चूल कुठे मांडायची, याचं उत्तर व्यवस्थापनाकडे नव्हतं.

अपात्रतेचं कारण खाली बारीक अक्षरांत दिलं होतं: पूर्वीच्या कामाचा दर्जा, वीसपैकी पाच गुण. किमान दहा हवे होते. ते नसतील तर दराचा लिफाफा उघडतच नाहीत. एक्सलंटला वीस, व्हेरी गुडला पंधरा, गुडला दहा आणि सॅटिस्फॅक्टरीला पाच, असं कोष्टक होतं. टिपणिसांनी जोडलेल्या प्रमाणपत्रावर स्वच्छ, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं की पिंजौरच्या सरकारी प्रशिक्षण केंद्राचं कॅन्टीन यांनी तीन वर्षं चालवलं आणि काम 'सॅटिस्फॅक्टरी' होतं.

या प्रमाणपत्राची गंमत अशी की ते केंद्रातल्या दोन अधिकाऱ्यांपैकी कुणाकडूनही घेता आलं असतं. केंद्राचे हिशेब अधिकारी सोढी यांनी तर पेन उघडून विचारलं होतं की टिपणीसजी, एक्सलंट लिहू की आउटस्टँडिंग. पण हेरंबरावांनी त्यांना नम्रपणे थांबवलं. केंद्राचे संचालक राजाभाऊ परचुरे होते. परमुलखात आपला माणूस वरच्या खुर्चीवर असताना परक्याकडे कशाला जायचं, असा विचार करून ते तडक राजाभाऊंच्या केबिनमध्ये गेले. आपल्या माणसाने सही करून कागद दिला, आणि हेरंबरावांनी तो न वाचताच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला.

त्याच यादीत पहिल्या नंबरावर 'बाबाजी हॉस्पिटॅलिटी' होती, वीसपैकी वीस. यांचा राजमा खाऊन मागे एका शिबिरातले निम्मे लोक सलाइनवर गेले होते, हे सगळ्या सेक्टरला माहीत होतं. त्यांच्या प्रमाणपत्राला सोनेरी किनार होती.

शैलजाताई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "पाच कशाचे?"

"पूर्वीच्या कामाचे," हेरंबराव म्हणाले.

"काम म्हणजे जेवणच ना? मग माझेच की."

हेरंबरावांनी जाहीर केलं की आपण या निर्णयाविरुद्ध दाद मागणार. शैलजाताईंनी पोळी उलटली. नवरा 'दाद' वगैरे शब्द वापरू लागला की घरातले कागद, पेन आणि चहा यांचा खप वाढतो, हे त्या अनुभवाने ओळखून होत्या.

दाद मागायला आठवड्याची मुदत होती आणि ती पोर्टलवरच मागायची होती. पोर्टलला डिजिटल सही लागे. ती शैलजाताईंच्या नावाची, कारण भोजनालय त्यांच्या नावावर. सहीचं यंत्र शोधायला घर पालथं घातलं तेव्हा ते मसाल्याच्या डब्यात, दालचिनीच्या शेजारी सापडलं. ते तिथे कुणी ठेवलं यावर बराच वाद झाला आणि तो अनिर्णित राहिला. यंत्र पुसून लावलं तर पोर्टल म्हणालं, सहीची मुदत संपली. मुदत वाढवण्यात दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत हेरंबराव एका जागी बसले नाहीत. ते खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायचे, मध्येच थांबून स्वतःशी "पाच?" असं म्हणायचे आणि परत चालू लागायचे.

शेवटी ते स्वतःच मोहालीला ऑफिसात गेले. टेंडर विभागाचे भल्लासाहेब हसतमुख गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कागद पाहून हळहळ व्यक्त केली.

"टिपणीसजी," ते म्हणाले, "सॅटिस्फॅक्टरी तो हम उसको लिखते हैं जिसको निकालना होता है, पर केस नहीं करना होता."

हेरंबराव म्हणाले की काम खरोखरच समाधानकारक होतं, कुणाची तक्रार नव्हती. भल्लासाहेबांनी मान डोलावली आणि विचारलं, मग एक्सलंट का नाही लिहिलं? काहीतरी झालंच असेल. हा प्रश्न इतका सरळ होता की हेरंबरावांनी रिकामा ग्लास पुन्हा तोंडाला लावला. परचुऱ्यांच्या मनात काही असेल का, या शंकेने त्यांना परतीच्या बसमध्ये धड बसवेना, म्हणून ते सीट रिकामी असूनही उभ्याने आले.

दुसऱ्या दिवशी ते काल्क्याच्या बसने पिंजौरला गेले. राजाभाऊ निवृत्तीनंतर तिथेच राहत. पत्नी गेल्यापासून ते एकटे होते, आणि रोज दुपारी त्यांच्यासाठी सेक्टर बावीसहून शैलजाताईंचा डबा याच बसच्या कंडक्टरच्या ताब्यात येत असे. हेरंबराव पोचले तेव्हा राजाभाऊ पोळीच्या शेवटच्या तुकड्याने डब्याची कड न कड पुसून घेत होते.

"कसं होतं जेवण?" हेरंबरावांनी सवयीने विचारलं.

"बरं होतं," राजाभाऊ म्हणाले.

हेरंबरावांनी सगळी हकिगत सांगितली. राजाभाऊंनी शांतपणे ऐकली, हात धुतले, आणि कपाळाला आठी घालून म्हणाले, "टिपणीस, मी समाधानकारक लिहिलं, म्हणजे माझं समाधान झालं. आणखी काय व्हायला हवं होतं?"

मग त्यांनी समजावून सांगितलं की उभ्या नोकरीत त्यांनी याहून वरचा शेरा एकदाच दिला होता, तोसुद्धा एका बोअरवेलच्या पंपाला. 'उत्कृष्ट' असं लिहून सही केली आणि पुढच्याच आठवड्यात पंप जळाला. चौकशी बसली. तेव्हापासून त्यांनी कुणाचं वाटोळं केलं नव्हतं. माणसाला उत्कृष्ट म्हटलं की तो तिथेच थांबतो, असं त्यांचं मत होतं. शिवाय आता ते निवृत्त, शेरा बदलण्याचा अधिकार त्यांना नव्हता, आणि असता तरी त्यांनी बदलला नसता. हेरंबराव उठले तेव्हा राजाभाऊंनी रिकामा डबा त्यांच्या हातात दिला आणि वहिनींना सांगा, भरल्या वांग्यात दाणे किंचित जास्त भाजले गेले होते, असा निरोप दिला.

इकडे शेजारात बातमी फुटली होती. कुलवंतसिंगांचं म्हणणं, सरळ धरणं द्यावं. तंबू ते देतील, लंगर शैलजाभाभींनी करावा, मग बघू कोण पाच देतो ते. खोल्या मात्र दिवाळीपर्यंतच, हेही त्यांनी ओघात सांगितलं. महाराष्ट्र मंडळाचे हरिभाऊ यांनी दोन उपाय सुचवले. एक, शहरातल्या प्रतिष्ठित मराठी मंडळींची शिफारसपत्रं जोडावी. दोन, भल्लासाहेबांना एकदा वहिनींच्या हातच्या कोथिंबिरीच्या वड्या खायला घालाव्यात, म्हणजे गुण कशाला म्हणतात ते त्यांना कळेल. हरिभाऊंचे दोन्ही उपाय ऐकायला इतके सुरेख होते की हेरंबरावांनी दोन्ही केले.

शिफारसपत्रं गोळा करायला ते दोन दिवस स्कूटरवरून सेक्टर न् सेक्टर फिरले. डॉक्टर, प्राध्यापक, विद्यार्थी, सगळी वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं. सगळ्यांनी आनंदाने लिहून दिलं. रात्रीची जेवणं आटोपल्यावर नेत्रा त्यांचा इंग्रजी अनुवाद करायला बसली, आणि थोड्या वेळाने तिने विचारलं, "बाबा, ये लोग हमारी साइड पे हैं ना?"

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टर नीलिमा देशमुखांनी लिहिलं होतं की इथल्या जेवणाने पोटाला आजवर त्रास झालेला नाही. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी लिहिलं होतं की जेवण वाईट नसतं. स्वानंद नावाच्या विद्यार्थ्याने, तो बिचारा या घरी जेवूनच पीएचडी पुरी करत होता, लिहिलं होतं की मागे एकदा कढी आंबट झाली होती, पण सांगितल्यावर सुधारणा दिसली. हेरंबरावांनी ती पत्रं स्वतः वाचली तेव्हा त्यांना ती उत्तमच वाटली होती. सांगितल्यावर सुधारणा दिसली, याहून चांगलं माणसाबद्दल काय लिहिणार? पण इंग्रजीत ती पोलिसांच्या पंचनाम्यासारखी दिसू लागली. ती जोडायची नाहीत असं ठरलं. मात्र नेत्राने फाइली चढवताना ती आधीच जोडली होती, आणि पोर्टलवर जोडायचं बटण असलं तरी काढायचं नव्हतं.

वड्यांचं त्याहून वाईट झालं. भल्लासाहेबांनी डबा उघडला, एक खाल्ली, शेजारच्या टेबलाला बोलावलं, मग सगळ्या विभागाला बोलावलं. डबा लख्ख रिकामा करून परत दिला. दोन दिवसांनी नोटीस आली. निविदेचा विचार चालू असताना मूल्यांकन करणाऱ्या अधिकाऱ्यास खाद्यपदार्थांद्वारे प्रलोभन दाखवल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा अपिलाच्या सुनावणीत करावा, असं तिच्यात होतं. खाली सही भल्लासाहेबांचीच. हेरंबरावांनी फोन केला तेव्हा ते मनापासून ओशाळले होते. इतक्या लोकांनी पाहिलं, तर फाइलवर घ्यावंच लागलं जी, असं ते म्हणाले, आणि त्यात हिंग असतो का, हेही त्यांनी विचारलं.

शैलजाताईंनी नोटीस वाचली. वड्या करताना आपला हात भाजला होता तो त्यांनी पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "अहो, पुरे करा आता. पाच तर पाच. मी दिवाळीनंतर कुठे नोकरी बघते."

आपण मेससाठी भांडतोय की आपल्या नाकासाठी, हे हेरंबरावांना त्या क्षणी धड सांगता आलं नसतं. त्यांनी तावातावाने उत्तर लिहायला घेतलं. ते अकरा पानी झालं. त्यात 'सांस्कृतिक पार्श्वभूमी' असं एक प्रकरण होतं. महाराष्ट्रात स्तुती कशी जपून वापरली जाते हे त्यात उदाहरणांसह मांडलं होतं.

सुनावणीला मालकीण म्हणून शैलजाताईंना जाणं भाग होतं. त्या एका खुर्चीत ताठ बसल्या. समोर समितीच्या अध्यक्ष ग्रेवालमॅडम, शेजारी भल्लासाहेब, आणि साक्षीदार म्हणून जुना कोट चढवून आलेले राजाभाऊ. यायचं त्यांनी कबूल केलं होतं, पण खोटं बोलणार नाही या अटीवर.

ग्रेवालमॅडमनी अकरा पानं बाजूला ठेवली आणि राजाभाऊंना सरळ विचारलं, यांचं काम एक्सलंट होतं का?

"नहीं," राजाभाऊ म्हणाले.

हेरंबरावांनी डोळे मिटले. मॅडमनी विचारलं, मग काय कमी होतं? राजाभाऊंनी खूप आठवून पाहिलं. तीन वर्षांत कुणी आजारी पडलं नाही, धुक्यात बसेस बंद असतानाही नाश्ता वेळेवर आला, असं त्यांनी सांगितलं. कमी काही नव्हतं, म्हणूनच समाधानकारक. आता आपण कुठे जेवता, असं मॅडमनी विचारल्यावर यांच्याकडूनच डबा येतो, रोज, असं ते म्हणाले. पिंजौरमध्ये दुसरी सोय नाही का? आहे, चांगली आहे, राजाभाऊ म्हणाले. मॅडमनी भल्लासाहेबांकडे पाहिलं. भल्लासाहेबांनी खांदे उडवले आणि पुढे सरकवली ती वड्यांची नोटीस.

आता हेरंबरावांची पाळी होती. या क्षणासाठी त्यांनी रात्रभर एक उताराच पाठ केला होता. पण मॅडमनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "टिपणीसजी, आपने अफसर को ललचाने के लिए वो चीज़ भेजी थी?" आणि पाठ केलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. तोंडाला जे सवयीचं होतं तेच बाहेर पडलं.

"नहीं मॅडम," ते कळवळून म्हणाले, "उसमें ललचाने जैसा कुछ नहीं था. ठीक ही थी."

शैलजाताईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. रागाचं पाहणं हेरंबरावांनी निभावून नेलं असतं, पण त्या रागावल्या नव्हत्या, आणि त्यामुळे त्यांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

ग्रेवालमॅडमनी पेन खाली ठेवलं. "भल्लाजी, आपने खाई थी. कैसी थी?"

भल्लासाहेब लाजले. "मॅडम, सच कहूँ? आउटस्टँडिंग. मैंने घर जाकर वाइफ को भी बताया."

"और ये साहब," मॅडम म्हणाल्या, "इनका ठेका दाँव पर है, बीवी सामने बैठी है, फिर भी 'ठीक' से ऊपर नहीं जा पा रहे." मग त्यांनी ती शिफारसपत्रं मागवली आणि एकेक मोठ्याने वाचून घेतली. पोटाला त्रास झाला नाही. वाईट नसतं. सांगितल्यावर सुधारणा दिसली. समितीतले एक वयस्क सरदारजी डोळे पुसू लागले, इतके ते हसत होते.

आदेश आठवड्याने आला. अर्जदाराच्या समाजात कामाचा दर्जा मोजण्याची पट्टी वेगळी असल्याचं समितीच्या निदर्शनास आलं आहे. एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी सारख्याच वजनाचा धरणं न्याय्य होणार नाही. सबब, साक्ष पाहता, या प्रकरणातलं 'सॅटिस्फॅक्टरी' हे 'व्हेरी गुड'च्या बरोबरीचं धरावं, पंधरा गुण. वड्यांची नोटीस मागे घेतली होती, कारण पदार्थाबद्दल आपलं कोणतंही अनुकूल मत असल्याचं खुद्द अर्जदारपक्षानेच नाकारलं होतं. दराचे लिफाफे उघडले, त्यांत यांचाच दर सगळ्यांत कमी निघाला, आणि मेस शैलजा भोजनालयाला मिळाली.

पण आदेश यायच्या आधीचा तो आठवडा हेरंबरावांना फार जड गेला. सुनावणीहून परतताना दोघं रिक्षात बसली. शैलजाताई रस्त्याकडे पाहत म्हणाल्या, "राजाभाऊंनी पाच दिले त्याचं मला काही नाही. ते बाहेरचे. तुम्ही त्या बाईंसमोर ठीक म्हणालात."

"सवय गं," हेरंबराव पुटपुटले.

"मलाही सवय होती. म्हणून इतकी वर्षं बोलले नाही."

आपण रोज सकाळी आमटी चाखून पाच गुण देत आलो आणि वर त्याला व्यवस्थापन म्हणत आलो, हे हेरंबरावांना त्या रिक्षात पहिल्यांदा लख्ख दिसलं, आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं.

कराराचा कागद घरी आला त्या दिवशी कुलवंतसिंगांनी परत लस्सी पाजली. नेत्राने करार वाचायला घेतला आणि शेवटच्या पानावर थबकली. दरमहा कामाचा दर्जा ठरवून वसतिगृहाच्या वॉर्डन शेरा देतील, असं कलम होतं. खाली वॉर्डनचं नाव होतं: डॉ. उर्मिला सहस्रबुद्धे. गाव कुठलं ते लिहिलेलं नव्हतं, पण लिहायची गरजही नव्हती. शैलजाताई कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या. हेरंबरावांना मात्र पुढच्या सगळ्या महिन्यांचे पाच-पाच गुण डोळ्यांसमोर दिसू लागले, आणि ते उठून येरझाऱ्या घालू लागले.

"बसा, जेवून घ्या," शैलजाताई म्हणाल्या.

ते बसले. आमटीचा पहिला घोट घेतला, चमचा खाली ठेवला, घसा साफ केला आणि मोठा धीर करून म्हणाले, "उत्कृष्ट."

शैलजाताईंनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं, त्यांच्याच वाटीतली आमटी चाखली, मीठ वगैरे सगळं जागच्या जागी असल्याची खात्री केली, आणि त्यांच्या पोळीवर आणखी एक चमचा तूप वाढलं. त्या तुपाने हेरंबरावांना हुरूप आला. जेवण होत आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि माझं? इतक्या वर्षांचं माझं काम कसं वाटलं तुला?"

शैलजाताईंनी बराच विचार केला.

"समाधानकारक," त्या म्हणाल्या, आणि रिकामं ताट उचलून आत गेल्या.

हेरंबराव हात वाळेपर्यंत तसेच बसून राहिले. हे राजाभाऊंच्या पट्टीने की पोर्टलवरच्या कोष्टकाप्रमाणे, हे विचारायची त्यांची हिंमत झाली नाही, आणि या निर्णयाविरुद्ध दाद कुणाकडे मागायची, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.